लातुरात पाणी ९८ ला उकळतं, मग वहीत १०० का?

मांजराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. शाळेत विज्ञान शिकवतो, गाव लातूर जिल्ह्यातलं. परवा आठवीच्या पोरांकडून पाण्याचा उत्कलनांक मोजून घेतला. चंचुपात्र, स्पिरिटचा दिवा, स्टँडला टांगलेला थर्मामीटर, सगळं नेहमीचंच. पारा ९७ पर्यंत भराभर चढला, मग रेंगाळला, आणि ९८ च्या केसभर खाली जो थांबला तो थांबलाच. खाली पाणी खळाखळा उकळतंय अन् वर पारा हलायला तयार नाही.

वह्या तपासायला घेतल्या तर सगळ्यांच्या निरीक्षणात '१०० अंश सेल्सिअस'. एका पोरीनं आधी ९८ लिहिलं होतं, मग रेघ मारून १०० केलं होतं. विचारलं तर म्हणाली, "सर, पुस्तकात शंभर आहे. थर्मामीटर खराब असंल."

मी सांगितलं की आपल्या गावाला ९८ च्या आसपासच यायला पाहिजे. त्यावर मागच्या बाकावरून आलं, "पाणी तर तेच आहे ना सर?" प्रश्न बरोबर आहे. याचं उत्तर मला पोरांच्या ओळखीच्या वस्तूंतून द्यायचंय, म्हणून हा धागा. उदाहरणं सुचवा, प्रयोग सुचवा. वर्गात कशी मांडणी करणार ते आधी लिहितो.

पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत सुटत असतात. बंद बाटलीत थोडं पाणी ठेवलं की काही वेळानं जेवढे सुटतात तेवढेच परत पाण्यात येतात. त्या स्थितीत वरच्या वाफेचा जो दाब, तो बाष्पदाब. बाटली लहान की मोठी, पाणी वाटीभर की तांब्याभर, काही फरक पडत नाही. शुद्ध पाण्याचा बाष्पदाब ठरतो तो तापमानावर. ३० अंशाला साधारण ४.२ किलोपास्कल, ६० ला जवळपास २०, ८० ला ४७, ९० ला ७० आणि १०० ला १०१.३. आधी रांगतो, शेवटी शेवटी पळत सुटतो.

आता पाण्याच्या पोटात वाफेचा एक बुडबुडा धरला, असं समजा. बाहेरची हवा पाण्यावर दाब देतेय, तो दाब या बुडबुड्यापर्यंत पोचतो. आतल्या वाफेचा दाब त्याहून कमी असेल तर बुडबुडा चिरडला जातो. बरोबरीला आला की टिकतो, फुगतो, वर येऊन फुटतो. हेच उकळणं. म्हणजे उत्कलनांकाच्या आकड्यात पाण्याइतकाच हवेचाही वाटा आहे. समुद्रकाठी हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कल, म्हणजे १०१.३ किलोपास्कल. लातूर सहाशे मीटरच्या थोडं वर, इथं ९४ किलोपास्कलच्या आसपास. तेवढा बाष्पदाब पाणी ९८ च्या जरा खालीच गाठतं.

बोला.

भुईमूग

म्हणजे लातूरचा चहा मुंबईपेक्षा दोन अंशांनी कच्चा! तरीच आमचे मुंबईचे मेव्हणे नाकं मुरडतात.

प्रयोगवही

सर, मांडणी चांगली आहे. पण ९८ आला म्हणून थर्मामीटरला लगेच पास करू नका. एकाच खोक्यातले दोन थर्मामीटर सारखं दाखवतात यावरून फार काही सिद्ध होत नाही, दोघांत एकच खोट असू शकते.

आधी चुरलेल्या बर्फात थोडं पाणी घालून शून्य तपासा. तिथंच एक अंशाची गडबड निघाली तर पुढचं बोलायलाच नको. दुसरं, थर्मामीटरची गोळी पाण्यात बुडवण्याऐवजी उकळत्या पाण्याच्या जरा वर, वाफेत धरा. काचेच्या गुळगुळीत भांड्यात पाणी उत्कलनांकाच्या वर थोडं तापू शकतं, मग गचके देत उकळतं. वाफ मात्र तिथल्या दाबाशी जुळलेल्या तापमानाला असते. मडक्याच्या खापरीचे दोन-चार तुकडे पाण्यात टाका, गचके थांबतात. खापरीच्या छिद्रांत अडकलेल्या हवेवर बुडबुडे आयते धरतात.

आणि तिसरं, जे कुणीच सांगत नाही. पाऱ्याचा थर्मामीटर पुष्कळदा पूर्ण बुडवून वाचायचा म्हणून आखलेला असतो. आपण गोळी आत ठेवतो आणि साठ अंशांची दांडी बाहेरच्या तिशीतल्या हवेत राहते. तेवढ्यानं वाचन साधारण अर्ध्या अंशानं कमी येतं. तेव्हा तुमचे 'केसभर खाली' यातले काही केस दांडीचे असतील.

मांजराकाठ (धागाकर्ता)

बर्फाचं उद्याच करतो. आणि दांडीचं पोरांनाही सांगतो. काहींना तो मुद्दा दाबापेक्षा जास्त आवडेल.

हवामानवेडी

एक शंका. माझ्या मोबाइलवर आत्ता लातूरचा दाब १००८ हेक्टोपास्कल दाखवतोय. तुम्ही म्हणता ९४०. मोबाइल खरा मानला तर पाणी ९९.८ ला उकळायला हवं. कुणाचं बरोबर?

पुण्यात_परभणीकर

ताई, दोन्ही बरोबर, फक्त १००८ हा लातूरच्या हवेचा दाब नव्हे. हवामानाच्या बातमीत आणि नकाशावर जो आकडा देतात तो समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. लातूरची जमीन समुद्राच्या पातळीला असती तर तिथं किती दाब भरला असता, असा तो हिशोब. तसं केलं नाही तर नकाशावर कमी दाबाचे पट्टे म्हणून सगळे डोंगरच दिसतील आणि बंगालच्या उपसागरातलं वादळ त्यात हरवून जाईल.

तुमच्या फोनमध्ये दाबाचा सेन्सर असला (सगळ्यांत नसतो) तर त्याचं कच्चं वाचन बघा. नऊशे चाळीसच्या मागं-पुढं दिसेल. ऋतूप्रमाणं तो हलतो, मे महिन्यात कमी, डिसेंबर-जानेवारीत जास्त. पण त्यानं उत्कलनांक एक-दोन दशांशच इकडंतिकडं होतो. खरा फरक उंचीचा. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश धरा.

आपल्या भागापुरतं बघायचं तर नांदेड तीनशे साठ मीटरच्या आसपास, तिथं ९८.८. संभाजीनगर ५७० च्या आसपास, तिथं ९८.१. म्हैसमाळला हजार मीटरच्या वर गेलात तर ९६.५. आणि लेहमध्ये ८८. सर, तुमच्या पोरांची सहल म्हैसमाळला जाणार असेल तर थर्मामीटर आणि स्टोव्ह घेऊन जा. वेरूळ बघून वर चढायचं आणि चहा टाकायच्या आधी पाण्याचं तापमान घ्यायचं.

उलटंही करता येतं. पाणी किती अंशाला उकळलं त्यावरून उंची काढायची. इंग्रजांच्या सर्व्हेसाठी तिबेट मोजायला गेलेले पंडित नैनसिंग रावत १८६६ च्या जानेवारीत वेश पालटून ल्हासाला पोचले, तेव्हा तिथली उंची त्यांनी उकळत्या पाण्यात थर्मामीटर धरूनच काढली. सर्व्हेवाल्यांचं हे नेहमीचं साधन होतं.

चुलीपुढची

मला एकच सांगा. ओले कपडे चाळीस अंशाच्या उन्हात वाळतात, माठातलं पाणी झिरपून उडून जातं. पाणी ९८ ला उकळतं तर चाळिसाला वाफ होतेच कशी?

प्रयोगवही

वाळणं पृष्ठभागावर होतं, ते कुठल्याही तापमानाला चालू असतं. अट इतकीच की हवेतल्या बाष्पाचा दाब पाण्याच्या बाष्पदाबापेक्षा कमी पाहिजे. मे महिन्यात आपली हवा कोरडी ठणठणीत, म्हणून माठ गार होतो. श्रावणात हवा बाष्पानं भरलेली, माठ नावाला ओला आणि पाणी कोमट. उकळताना वाफ पाण्याच्या पोटातही तयार होते. तिथं बुडबुड्याला हवेचा पूर्ण भार पेलावा लागतो.

विहिरीवरचा

राम राम. धागा वाचायलोय. मी शेतकरी मानूस, आमचं इचारू का? आमच्या हिरीवर पाच एचपीची मोनोब्लॉक हाय. उन्हाळ्यात पानी खाली गेलं की मोटार नुसती गरगर फिरती, पानी उचलंना. मिस्त्री म्हनतो, वीस-बावीस फुटाच्या वर वढत नसती, मोटार खाली उतरवा. दरसाल तेच. साखळदंड लावून मोटार खालच्या टप्प्यावर न्यायची, पावसाळ्यात पुन्हा वर. मी म्हनलं, दहा एचपीची घेतली तर वढंल का नाही? मिस्त्री हसतोय. कामून वढत नाही ते कुनी सांगंना. अन् पानी कमी झालं की मोटारीच्या पोटात खडी टाकल्यागत आवाज येतो. पाइपाच्या बुडाला असतो त्या फुटव्हॉल्व्हची जाळी साफ करून झाली, खडा एक निघाला नाही.

उपसा

दादा, तुमचा प्रश्न या धाग्याचाच आहे. सविस्तर लिहितो.

मोटार पाणी ओढते असं आपण म्हणतो, पण पंपाला पाणी ओढता येत नाही. तो पाइपातला दाब कमी करतो, एवढंच. वर चढवण्याचं काम विहिरीतल्या पाण्यावर दाबणारी हवा करते. हवेची ताकद ठरलेली. समुद्रकाठी ती पाण्याचा १०.३ मीटरचा खांब उचलते. लातूर-धाराशिवच्या उंचीवर साडेनऊ मीटरच्या आसपास. पंपाजवळ एकदम निर्वात केलं तरी याच्या वर एक वीत पाणी चढणार नाही. दहा एचपी लावा नाहीतर शंभर. एचपी कामाला येते ती पंपाच्या पुढं, डिलिव्हरीच्या बाजूला.

आता उकळण्याचं. वर खेचत नेलं की पाइपात पंपाच्या तोंडाशी दाब घटत जातो. विहिरीचं पाणी तीस अंशाचं असलं तर त्याचा बाष्पदाब ४.२ किलोपास्कल. तिथला दाब इतका उतरला की पाणी उकळतं. तीस अंशाला, हात घातला तर गार लागेल असं पाणी! त्या वाफेमुळं साडेनऊतला आणखी जवळपास अर्धा मीटर जातो. मग पाइपातलं घर्षण, बेंड, फुटव्हॉल्व्हची जाळी. त्यात प्रत्येक पंपाला तोंडाशी काही मीटरचा दाब शिल्लक लागतोच, नाहीतर इंपेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, पात्यामागं पाणी उकळायला लागतं. हे सगळं वजा करा, सहा-साडेसहा मीटर उरतात. फुटात मांडा, वीस-बावीस. तुमचा मिस्त्री कुठल्याही पुस्तकाशिवाय बरोबर सांगतोय.

आणि ती खडी. पात्याच्या मागं, जिथं दाब सगळ्यात कमी, तिथं वाफेचे बुडबुडे तयार होतात. पुढच्या क्षणी ते इंपेलरच्या कडेला जास्त दाबात येतात आणि मिटतात. मिटतात म्हणजे भोवतीचं पाणी चहूबाजूंनी त्या पोकळीत आदळतं. तो आवाज खडीसारखा. हे धातूच्या अगदी लगत घडलं की बिडाचे कण निघतात. पंप खोललात तर इंपेलरवर वाळवी लागल्यासारखे खड्डे दिसतील, धार गेलेली नसेल, पण पातं टोचून टोचून खाल्लेलं.

विहिरीवरचा

मागच्या वर्षी इंपेलर बदलला तवा तसाच होता! मिस्त्री म्हनला पान्यात क्षार हायेत, त्यानं खाल्ला.

उपसा

क्षारही असतील, आपल्याकडं कमी नाहीत. पण क्षार खातात तेव्हा खड्डे सगळीकडं पसरलेले असतात. फक्त पात्याच्या एका बाजूला, ठरावीक पट्ट्यात असले तर कॅव्हिटेशनच म्हणा, म्हणजे वर सांगितलं ते बुडबुडे मिटणं. उपाय तेच, मोटार खाली घ्या, सक्शनचा (विहिरीतून पंपाकडं येणारा) पाइप एक साइज मोठा करा, बेंड कमी करा. नाहीतर सबमर्सिबल. ती पाण्यातच बसते आणि वर ढकलते, तिला हवेच्या दाबाची मर्यादाच येत नाही. म्हणून तर बोअरमधून शेकडो फुटांवरून पाणी येतं.

मांजराकाठ (धागाकर्ता)

उपसा, हे सोनं आहे. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी विहीर आहे, मोटार खाली उतरवायला ती स्वतः हात लावतात.

यावरून एक सुचलं. चहाचं पाणी तापवताना उकळायच्या आधी भांडं सूं सूं करतं. पहिले बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे, ते गुमान वर येतात. नंतर तळाशी वाफेचे बुडबुडे धरतात, जरा वर गेले की तिथं पाणी अजून गार, तिथं मिटतात. तो सूं आवाज आणि पंपातली खडी यांचं कारण एकच. सगळं पाणी सारखं तापलं की मिटणं थांबतं, आवाज बसतो आणि खळखळ सुरू होते.

पॅनवरचा

नमस्कार. साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे पाक उकळायच्या मोठ्या भांड्यावर, नोकरी झाली, आता निवृत्त. कुणी कारखान्याचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. दाब कमी करून उकळण्याचा मराठवाड्यातला सगळ्यात मोठा कारभार तिथंच चालतो.

साखरेचा पाक उघड्यावर जास्त तापवला तर करपतो, रंग चढतो, आणि साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. मग दाणा धरत नाही. म्हणून पॅन बंद ठेवून आतून हवा काढायची. दाब इतका कमी की पाक साठ-पासष्टला उकळतो. ही युक्ती जुनी, एडवर्ड हॉवर्ड नावाच्या इंग्रजानं १८१३ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. पॅनच्या काचेतून बघितलं तर आत गदागदा उकळतंय, आणि नमुना काढून काचपट्टीवर अंगठ्यानं पसरवून दाणा बघताना हात भाजत नाही.

त्याच्या आधी रस आटवायला चार बॉड्या, म्हणजे बंद भांडी, ओळीनं. पहिल्या बॉडीत रस शंभराच्या वर उकळतो. त्याची वाफ दुसऱ्या बॉडीला तापवते. पण दुसऱ्यातला रस उकळेल कसा, पहिल्याची वाफ तर त्याच्याच तापमानाची? म्हणून दुसरीत दाब कमी ठेवतात. तिची वाफ तिसरीला, तिथं आणखी कमी. शेवटच्या बॉडीत पंचावन्न-साठलाच उकळी. एकदा दिलेली वाफ चारदा काम करते, नाहीतर सगळा भुस्सा आटवण्यातच जळाला असता. ही रचना नॉर्बर्ट रिल्यू या माणसाची, अमेरिकेत लुइझियानामधला, १८४० च्या दशकातली.

आता सरांच्या ९८ शी याचा संबंध. व्हॅक्यूम गेज आत किती दाब आहे ते सांगत नाही, बाहेरच्यापेक्षा किती कमी आहे ते सांगतो. समुद्रकाठी बाहेर ७६० मिलिमीटर पारा. आमच्याकडं ७०५. समजा दोन्हीकडं गेज ६०० दाखवतोय. समुद्रकाठच्या पॅनमध्ये उरले १६०, तिथं पाणी साडेएकसष्टला उकळेल. आमच्याकडं उरले १०५, साडेबावन्नलाच उकळेल. गेज तोच, फरक नऊ अंशांचा. पाक घट्ट असला की दोन्हीकडं त्यात आणखी दहा-बारा अंशांची भर.

किनाऱ्याकडून आलेले एक तरुण साहेब रोज ओरडायचे, व्हॅक्यूम कमी आहे, कुठंतरी गळतंय. वेल्डर सांधे शोधत फिरायचा. शेवटी बॉयलरवरच्या म्हाताऱ्या फोरमननं विचारलं, "साहेब, बाहेर आहेच ७०५, तर ७१० आणू कुठून?"

भुईमूग

😂 हा फोरमन आमच्या शाळेत असता तर मी विज्ञानाला गेलो असतो.

मांजराकाठ (धागाकर्ता)

काका, नऊ अंशांचा हिशोब वर्गात फळ्यावर मांडणार. परवानगी समजतो.

गुळवेल

आमचं गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस उकळतच असतो पण शेवटी शेवटी त्याचं तापमान ११८-१२० पर्यंत जातं असं ऐकलंय. उघडी काहील, हवेचा दाब तोच. मग शंभराच्या वर कसं?

प्रयोगवही

साखर विरघळली की पाण्याचे रेणू सुटायला अवघड जातं, त्याच तापमानाला बाष्पदाब कमी भरतो. हवेच्या दाबाशी बरोबरी करायला जास्त तापवावं लागतं. रस आटत जातो, पाणी कमी, साखर जास्त, तसतसा उत्कलनांक चढत जातो. शेवटी थर्मामीटर म्हणजे पाकात पाणी किती उरलं त्याचं मापच होतं.

पण इथंही उंची येते. कोल्हापूर, लातूर, नांदेड, प्रत्येक ठिकाणी तोच घट्टपणा वेगळ्या आकड्याला येणार. गुळव्या गार पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघतो, तो थेट घट्टपणाच तपासतो. त्याला समुद्रसपाटी लागत नाही.

मिठाचंही सांगून टाकतो, कुणीतरी विचारणारच. एक लिटर पाण्यात अठ्ठावन्न ग्रॅम मीठ टाकलं तर उत्कलनांक कसाबसा एक अंशानं वाढतो. भातात टाकतो त्या चिमटीनं काही होत नाही.

चुलीपुढची

मग आमच्या घरी तुरीची डाळ शिजायला पाच-सहा शिट्ट्या लागतात ते उंचीमुळं का? माहेर मुंबईचं, तिथं तीनमध्ये काम होतं. सासूबाईंना हे कारण सांगून टाकलंय, आता खरं-खोटं करा. 😅

डाळमिल

वहिनी, सासूबाईंपुढं अवघड होईल असं दिसतंय. कुकरची शिट्टी बाहेरच्या दाबाच्या वर सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब झाला की उठते. मुंबईत आत एकूण दोन वातावरणांच्या आसपास दाब, पाणी १२० ला. लातुरात बाहेरचा दाब जरा कमी, म्हणून आत ११९ च्या आसपास. उघड्या पातेल्यात दोन अंशांचा फरक होता, कुकरमध्ये एकावर आला. एका अंशानं शिट्ट्या दुप्पट होत नाहीत.

तुमचं पाणी बोअरचं आहे का? मग कारण तेच धरा. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला बांधून टाकतं, दाणा फुटत नाही. आमच्याकडं गिऱ्हाईक डाळ परत आणतं, "न शिजणारी दिली" म्हणून. मी फिल्टरचं पाणी देतो, म्हणतो यात शिजवून बघा. बहुतेक वेळा परत येत नाही. जुनी, उन्हापाण्यात पडून राहिलेली तूरही चिवट होते, ते वेगळं.

चुलीपुढची

बोअरचंच आहे. सासूबाई पहिल्यापासून म्हणत होत्या, नळाचं पाणी घाल. 🙈

पण एक बघितलंय. घाईत कुकर नळाखाली धरला की आत काहीतरी जोरात खदखदतं, झाकण काढलं तर डाळ शिट्टीच्या भोकापर्यंत चढलेली. गार पाणी टाकल्यावर तर शांत व्हायला पाहिजे ना?

मांजराकाठ (धागाकर्ता)

ताई, यापेक्षा चांगलं उदाहरण मला पुस्तकात सापडलं नसतं. गॅस बंद केला तरी डाळ शंभराच्या बरीच वर असते. आतली वाफच तिला दाबून ठेवते, म्हणून उकळत नाही. गार पाण्यानं आधी झाकण गार होतं, झाकणाला लागलेली वाफ निवून पाणी होते, दाब धाडकन उतरतो. डाळ अजून गरमच, तिचा बाष्पदाब आता वरच्या दाबापेक्षा जास्त. झाली सुरू. गार करून उकळी आणली.

प्रयोगशाळेत हेच गोल बुडाच्या चंबूत करतात. अर्धा चंबू पाणी चांगलं उकळू द्यायचं, वाफेनं आतली हवा हुसकून लावली पाहिजे. दिव्यावरून काढायचं, आणि काढल्यावरच बूच घट्ट लावायचं. दिव्यावर असताना बूच लावलं तर चंबू फुटेल, हे पोरांना दोनदा सांगा. मग चंबू स्टँडला उलटा अडकवून बुडावर गार पाण्याची फडकी ठेवायची. आत पाणी पुन्हा उकळायला लागतं. फडकं काढलं की थांबतं, ठेवलं की सुरू. चंबू जाड काचेचा, गोल बुडाचाच घ्या. सपाट बुडाचा आत दाबला जाऊन फुटू शकतो. समोर बसणाऱ्यांना चष्मे द्या.

प्रयोगवही

चंबू नसेल तर सिरिंज. मेडिकलमधून मोठी, सुई नसलेली घ्या. साठ-सत्तर अंशाचं पाणी थोडंसं ओढा, हवा काढून टाका, तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या जोरात मागं ओढा. पाण्यात बुडबुड्यांची गर्दी होते. दट्ट्या सोडला की वाफ लगेच पाण्यात मिटते. तरी एखादा बारीक बुडबुडा उरलाच तर तो विरघळलेल्या हवेचा, म्हणून पाणी आधी उकळून घेतलेलं बरं. चाळीस पोरांना चाळीस सिरिंजा, दिवा नको, काच फुटायची भीती नको.

विहिरीवरचा

आता माझा शेवटचा इचार. घरात गॅसची टाकी हाय. थंडीत सकाळी गॅस मंद जळतो, पोरगा म्हनतो टाकी संपायली. बदलावी तर निम्मी भरलेली निघती. टाकीला दाबाचा काटा लावला तर किती उरली कळंल का?

उपसा

नाही दादा. टाकीत गॅस द्रवरूपात असतो, प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन उघड्यावर उणे ४२ ला उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरा खाली. टाकीत त्यांच्याच वाफेचा दाब त्यांना द्रव ठेवतो. सरांनी वर लिहिलंय ना, बाष्पदाब पाणी किती आहे त्यावर ठरत नाही? इथंही तसंच. टाकी भरलेली असो की तळाला आलेली, द्रवाचा थोडासाही साठा शिल्लक आहे तोवर काटा जवळपास तेवढाच दाखवेल. द्रव संपला की मग एकदम पडेल, आणि तोवर तुमची भाकरी तव्यावर अर्धी असेल.

थंडीत मंद होतो कारण तापमान उतरलं की बाष्पदाब उतरतो. शिवाय गॅस वापरताना आतला द्रव उकळत असतो, त्याला लागणारी उष्णता टाकीच्या पत्र्यातूनच येते, म्हणून टाकी आणखी गार होते. परभणीकडं पारा आठ-दहावर उतरतो तेव्हा हे जास्त जाणवतं. काहीजण टाकी गरम पाण्यात ठेवतात किंवा आडवी पाडतात. दोन्ही करू नका. आडव्या टाकीतून वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये येतो, आणि शेगडीवर भडका उडतो.

विहिरीवरचा

मग किती उरली ते कळावं कसं?

उपसा

वजन करा. टाकीच्या कड्यावर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, पंधरा-सोळा किलोच्या आसपास. एकूण वजनातून ते वजा केलं की उरला गॅस. भरलेल्या घरगुती टाकीत तो १४.२ किलो असतो.

विहिरीवरचा

ज्वारी तोलायचा काटा हाय घरी. आत्ताच ठिवतो.